आधी सांगा, मग राबवा

छत्तीसगड राज्यात २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारी शाळांचे आणि शिक्षकांचे 'युक्तियुक्तकरण' झाले. सरकारच्या आकड्यांप्रमाणे १०,४६३ शाळांचे एकत्रीकरण झाले. यांतील १०,२९७ शाळा एकाच आवारात भरणाऱ्या होत्या. पटसंख्या कमी म्हणून शेजारच्या शाळेत मिळविलेल्या शाळा १६६ होत्या. अतिरिक्त, म्हणजे तिकडच्या सरकारी भाषेत 'अतिशेष' ठरलेल्या शिक्षकांचे जूनच्या पहिल्या दिवसांत समुपदेशन झाले, नव्या जागांचे आदेश निघाले आणि १६ जूनला शाळा उघडल्या.

हे एकत्रीकरण योग्य की अयोग्य, हा वाद मोठा आहे. एकाच आवारातील दोन शाळांचे दप्तर एक झाले तर त्यात वाईट काही नाही असे कोणी म्हणेल. एक शिक्षक कमी झाला तर पहिली ते पाचवी कोण सांभाळणार, असे दुसरा विचारील. दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकून घेण्यासारखे आहे. या लेखात मात्र एवढाच प्रश्न विचारायचा आहे की, ज्यांचे काम, शाळा आणि रोजचा रस्ता बदलणार होता, त्यांना ते वेळेवर आणि नीट सांगितले होते काय? शिक्षक संघटनांची जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू आली ती हीच होती. याद्या आधी लागल्या नाहीत, दावे व हरकती घ्यायला पुरेशी संधी मिळाली नाही आणि आदेशच आधी हातात पडला, असे त्यांचे म्हणणे होते.

हा प्रश्न एका राज्यापुरता नाही. महाराष्ट्रात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना हीच चिंता लागली होती. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात एखादी वहिनी, बहीण वा मुलगी शिक्षिका आहे. त्यांना विचारले तर कळेल की शाळेतील शिक्षक जास्त कामाने जेवढा थकतो, त्याहून जास्त तो उद्या काय होणार हे न कळल्याने थकतो.

भिलाईचे उदाहरण घेऊ. हे गाव रेल्वे कामगाराला परके नाही. आपली गाडी ज्या रुळांवरून धावते त्यांतील फार मोठा हिस्सा भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरवार वसाहत उभी राहिली आणि वसाहतीबरोबर कारखान्याच्या शाळा आल्या. शेजारी भिलाई-३ आणि चरोदा येथे मार्शलिंग यार्डामुळे रेल्वेची मोठी वस्ती झाली. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर येथे मराठी कुटुंबे जुनी आहेत. रेल्वेत, टपालात आणि कारखान्यात नोकरीला आलेली त्यानंतर वसली.

अशा गावात आज तीन तऱ्हेच्या प्राथमिक शाळा दिसतात: राज्य सरकारच्या, कारखान्याच्या आणि खासगी. सरकारी शाळेचा शिक्षक युक्तियुक्तकरणाच्या यादीकडे डोळे लावून बसतो. कारखान्याच्या शाळा गेल्या काही दशकांत कमी होत गेल्या, त्यामुळे पुढच्या वर्षी आपला वर्ग असेल की नाही ही धास्ती तिथल्या शिक्षकाला असते. खासगी शाळेतील शिक्षिकेला तर पुढच्या महिन्याचीही शाश्वती नसते. मालक तिघांचे वेगळे आहेत, पण दुखणे एकच आहे. योजना वर ठरते आणि खाली फक्त हुकूम पोहोचतो.

मोठ्या योजनांचे सोडा, रोजच्या कामातही तीच तऱ्हा आहे. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र विकासखंड कार्यालयात येते, तिथून संकुल समन्वयकाकडे, तिथून प्रधान पाठकाकडे. शेवटी संध्याकाळी उशिरा व्हॉट्सॲपच्या गटात एक ओळ पडते की उद्या अमुक प्रशिक्षणाला हजर राहावे, परवा अमुक माहिती भरून द्यावी. ज्याचा मोबाइल बंद असेल त्याला दुसऱ्या दिवशी कारण विचारले जाते. दोन शिक्षकी शाळेतून एक जण प्रशिक्षणाला गेला की उरलेल्या एकाने पाचही वर्ग कसे चालवायचे, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये छत्तीसगडसह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी सुरू झाली. मतदान केंद्र पातळीवरील अधिकारी म्हणून घरोघर फिरण्याचे काम ठिकठिकाणी शिक्षकांकडे आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावण्यास मनाई करते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामे त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा ते काम नाकारता येत नाही. परंतु कोणत्या शाळेतून कोण जाणार, किती दिवस जाणार आणि त्या दिवसांत त्याचा वर्ग कोण घेणार, हे आधी बसून ठरवायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? ते ठरविले नाही तर भुर्दंड पहिली-दुसरीच्या मुलांवर पडतो. ती मुले आपलीच आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. वेतन, कामाचे तास, पाळ्या अशा सेवाशर्तींत बदल करायचा तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, असे ते कलम सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. पण शिक्षकाला ती मिळाली नाही. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिक्षक हा त्या कायद्याच्या व्याख्येतील 'कामगार' नव्हे. मुलांना शिकविणे हे उदात्त कार्य आहे, ते कारकुनी वा अंगमेहनतीच्या कामात मोडत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. उदात्त म्हणून सन्मान मिळाला आणि त्याच सन्मानाने नोटिशीचा हक्क हातचा गेला!

रेल्वे कामगारांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांना रेल्वे आस्थापना संहिता लागू होती तेही त्या कलम ९-अ मधून वगळलेलेच होते. मग आपल्याला आधी कळते ते कशामुळे? संघटनेमुळे. १९५२ पासून रेल्वेत कायमस्वरूपी वाटाघाट यंत्रणा, म्हणजे आपली पीएनएम, चालू आहे. विभाग, झोन आणि रेल्वे बोर्ड अशा तीन पातळ्यांवर ती बसते. १९६६ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे जेसीएम, आली आणि टपाल कर्मचाऱ्यांनाही ते व्यासपीठ मिळाले. या बैठकांत सगळे प्रश्न सुटतात असे कोणी म्हणणार नाही. पण प्रशासनाला समोर बसून उत्तर द्यावे लागते आणि ते इतिवृत्तात लिहिले जाते. कायद्याने जे दिले नाही ते संघटनेने अशा रीतीने मिळविले आहे.

आपल्या रोजच्या कामातही आधी सांगण्याची शिस्त मुरलेली आहे. पुढच्या सेक्शनमध्ये कुठे वेग कमी करायचा हे लोको पायलटला कॉशन ऑर्डरमध्ये लेखी मिळते आणि तो सही करून ती घेतो. रूळ दुरुस्तीसाठी ब्लॉक घ्यायचा तर त्याची आखणी आधी होते. टपाल कार्यालयात पोस्टमास्तरची ऑर्डर बुक असते; कामाची वाटणी बदलली तर तीत नोंद होते. २०२५ साली टपाल खात्यात नवी संगणक प्रणाली टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा व्यवहार बंद राहण्याचा दिवस आधी जाहीर केला होता. कॉशन ऑर्डर न देता गाडी सोडणाऱ्या स्टेशन मास्तरला आपण माफ करणार नाही. मग चाळीस मुलांचा वर्ग हाती असलेल्या शिक्षकाला पुढच्या वळणाची सूचना न देणाऱ्याला का माफ करावे?

येथे मुख्याध्यापकावर सारा दोष टाकून मोकळे होणे योग्य नाही. प्राथमिक शाळेचा प्रधान पाठक स्वतः वर्ग घेतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि वरची पत्रे सांभाळतो. अनेकदा त्यालाच आदल्या दिवशी कळते. जे त्याला कळले नाही ते तो काय सांगणार? म्हणून ही मागणी फक्त त्याच्याकडे करून चालणार नाही, त्याच्या वरच्या कार्यालयांकडेही ती करावी लागेल. परंतु त्याच्या हाती जेवढे आहे तेवढे तरी त्याने केले पाहिजे. वर्गवाटणी, वेळापत्रक, परीक्षा, सहली, पालकसभा, कोणाची रजा आणि बदली शिक्षक या गोष्टी शाळेतच ठरतात. काही मुख्याध्यापक त्याही खिशात ठेवतात, कारण माहिती हातात असली की माणसे दारात येतात. अशा वेळी कोणाला तरी आधी कळते, कोणाला नंतर. मग शिक्षकांत 'साहेबांचे' आणि 'बाकीचे' असे दोन तट पडतात आणि संघटना पोखरली जाते.

यावर अधिकारी मंडळींचे एक नेहमीचे उत्तर असते. योजना पक्की झाल्याशिवाय सांगितली तर अफवा पसरतात, विरोध सुरू होतो आणि काम होत नाही. अनुभव याच्या उलट आहे. अफवा पसरते ती माहिती नसल्यामुळे. अतिरिक्त शिक्षकांची यादी फलकावर लागलेली असली तर चहाच्या टपरीवर दुसरी यादी तयार होत नाही. राहिला विरोध. योजना कच्ची असताना झालेला विरोध तिला सुधारतो. ती पक्की झाल्यावर झालेला विरोध न्यायालयात जातो आणि त्यात साऱ्यांचीच वर्षे जातात.

याचा धडा भिलाईच्या परिसरातच आहे. भिलाई कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणींत १९७७ साली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. शंकर गुहा नियोगी हे त्याचे नेते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. खाणींच्या पूर्ण यांत्रिकीकरणाची योजना पुढे आली तेव्हा या संघटनेने नुसता 'नाही' असा घोष केला नाही. अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय आकडेमोड करून मांडला. उत्पादनही होईल आणि हातांचे कामही राहील, असा तो विचार होता. याच कामगारांनी १९८३ साली स्वतःचे शहीद रुग्णालय सुरू केले. योजना काय आहे हे कळले तर कामगार पर्याय देऊ शकतो, हे खाणीत दगड फोडणाऱ्यांनी दाखवून दिले. मग पंधरा-वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला पर्याय सुचणार नाही असे कसे मानायचे? कोणत्या वस्तीतली मुले नाला ओलांडून दुसऱ्या शाळेत जाणार नाहीत, हे मंत्रालयाला ठाऊक नसते. त्या शाळेतल्या बाईंना ठाऊक असते.

तेव्हा शिक्षकांच्या संघटनांनी, आणि त्यांच्या मागे उभे राहून आपण सर्वांनी, पुढील मागण्या लावून धराव्यात:

१. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाळेत सर्व शिक्षकांची बैठक व्हावी आणि वर्षाचे वेळापत्रक, वर्गवाटणी व परीक्षांच्या तारखा लेखी मिळाव्यात. त्यानंतर दर महिन्याला एक बैठक व्हावी.

२. ही बैठक कामाच्या वेळेत धरावी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला ४५ तास ठरलेले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तासही धरलेले आहेत. शाळा सुटल्यावर दोन तास बसवून घेणे ही फुकटची वेठ आहे.

३. प्रत्येक आदेश सूचना वहीत नोंदवून सही घ्यावी. व्हॉट्सॲपवरील संदेश आठवण म्हणून चालेल, आदेश म्हणून नव्हे.

४. शाळा बंद करणे, मिळविणे, पद कमी करणे वा शिक्षक हलविणे याची किमान एकवीस दिवस आधी कारणांसह सूचना द्यावी, यादी फलकावर लावावी आणि हरकतींना लेखी उत्तर द्यावे.

५. कंत्राटी व अतिथी शिक्षकांनाही बैठकीत बसण्याचा व बोलण्याचा समान हक्क असावा. त्यांना वगळून दिलेली माहिती ही अर्धी माहिती होय.

या मागण्यांना सरकारी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त सांगण्याची तयारी.

आपण रेल्वे व टपाल कामगार येथे काय करू शकतो? पुष्कळ. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते व तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ सांगते. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे सरकारी शाळांत त्या समितीचे काम आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले अशा शाळेत आहेत त्यांनी समितीत जावे, आराखडा मागावा आणि शिक्षकांना तो दाखविला आहे काय हे विचारावे. रेल्वेच्या स्वतःच्या शाळा जिथे अजून आहेत तिथे तर हा प्रश्न थेट आपला आहे. २०१५ साली देबरॉय समितीने रेल्वेने शाळा व रुग्णालयांतून अंग काढून घ्यावे अशी शिफारस केली होती, हे विसरून चालणार नाही. त्या शाळांचे पुढे काय होणार, हे पीएनएमच्या विषयपत्रिकेवर घ्या आणि लेखी उत्तर मागा.

शिक्षकाला न्यायालयाने कामगार मानले नाही. आपण मानू या. वरच्याने ठरवायचे आणि खालच्याने सकाळी उठून कळायचे, ही रीत यार्डात चालली नाही, सॉर्टिंगमध्ये चालली नाही. ती आपल्या मुलांच्या शाळेतही चालू देऊ नये. कामगार बंधू-भगिनींनो, येत्या शाखा सभेत हा विषय घ्या आणि आपल्या गावच्या शिक्षक संघटनेला सभेचे निमंत्रण द्या.