छत घराचे, व्यवहार गावाचा

२५ मे २०२४ रोजी अकोला जिल्ह्यात १४४ कलम लागू झाले. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता; कारण होते ऊन. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. खासगी शिकवणी वर्गांनी भर दुपारी मुलांना बोलावू नये, कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे पुरवावेत, असे आदेश जिल्हा प्रशासनाला काढावे लागले. ज्या प्रदेशात उन्हासाठी जमावबंदीचे कलम वापरावे लागते, तेथे वीज ही चैनीची वस्तू उरलेली नाही. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांना हातभर जाडीच्या मातीच्या भिंती होत्या, दारावर वाळ्याच्या ताट्या होत्या. आज अकोल्या-अमरावतीच्या नव्या वस्त्यांतील सिमेंटच्या स्लॅबखाली कूलर बंद पडला, तर म्हातारे माणूस आणि तान्हे मूल यांचे काय होते, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. म्हणूनच घराने वीज कशी घ्यावी, हा प्रश्न बिलापुरता नाही. तो कुटुंबाच्या आरोग्याचा आणि गावाच्या शहाणपणाचा आहे.

या प्रश्नाला वऱ्हाडात एक कडवट आठवणही चिकटलेली आहे. अकोला जिल्ह्यातील पारस येथे १९६० च्या दशकापासून औष्णिक वीज तयार होते. तरीही २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत याच परिसरातील गावे तासन् तास अंधारात होती. परीक्षेच्या दिवसांत मुले कंदिलाजवळ बसत आणि ओलिताचे पाणी देण्यासाठी शेतकरी मध्यरात्रीची वाट पाहत. वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणानुसार विभागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविले जात. त्यामुळे बिल नियमित भरणाऱ्या घरालाही शेजारच्या आकड्याची शिक्षा भोगावी लागे. तो न्याय होता की अन्याय, यावर वाद होऊ शकेल. मात्र वीज घरापुरती वापरली गेली, तरी तिचा व्यवहार संपूर्ण वस्तीचा असतो, हा धडा त्या काळाने दिला.

त्याच काळात पुण्याने एक वेगळी वाट शोधली. शहराला सुमारे ९० मेगावॅटची तूट होती. उद्योगांकडे स्वतःचे जनित्रसंच होते, पण त्यांची वीज महाग. उद्योगांनी टंचाईच्या वेळी आपले संच चालवावेत, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळावी आणि वाढीव खर्चाचा भार मोठ्या ग्राहकांनी उचलावा, अशी योजना पुढे आली. वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी झाली, ग्राहक-अभ्यासकांनी आकडे तपासले आणि २००६ च्या उन्हाळ्यात योजना सुरू झाली. महिन्याला ३०० युनिटांहून अधिक वापर असलेल्या घरांनी युनिटमागे सुमारे ४२ पैसे जास्त मोजले आणि शहर भारनियमनातून सुटले. ज्यांचा वापर थोडा, त्यांच्यावर बोजा पडला नाही. अकोला-अमरावतीला मात्र ही वाट खुली नव्हती. पुण्याएवढे उद्योग आणि जनित्रे येथे नव्हती. तेथील वीज पैशाने आली होती, तसा पैसाही येथे नव्हता.

२००३ च्या वीज कायद्याने स्पर्धेचे दार किलकिले केले. मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून ग्राहकाला एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. वऱ्हाडातील घराला ती निवड कधीच मिळाली नाही. येथे महावितरणची तार आणि महावितरणचेच बिल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९७ च्या कायद्याने नगरांना एक वेगळा अधिकार मिळाला. तेथील नगर आपल्या सर्व रहिवाशांच्या वतीने एकत्रित वीज खरेदी करू शकते, आणि ज्याला ते नको असेल त्याने तसे कळवून बाहेर पडायचे. त्यामागील विचार साधा आहे. एकटा ग्राहक विक्रेत्यापुढे दुबळा असतो. शंभर घरे एकत्र आली की भाव करता येतो आणि अटीही घालता येतात. त्या देशाचा बाजार आपल्याकडे नाही, पण हा विचार उचलण्यास हरकत नाही.

कारण निवडीची वेळ आता वऱ्हाडातील घरावरही आली आहे, आणि ती छतामार्गे आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ आणली. २०२६-२७ पर्यंत १ कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसविण्याचे उद्दिष्ट आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे घरामागे कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. अनुदान हवे तर पॅनेल आणि त्यातील सेल भारतातच बनलेले असावेत, ही अटही स्वागतार्ह आहे. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वऱ्हाडच्या उन्हात त्यातून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. महावितरणच्या दररचनेत ३०० युनिटांपुढील युनिट पहिल्या १०० युनिटांच्या तुलनेत दुपटीहून महाग आहे. त्यामुळे दोन कूलर, पंप आणि फ्रिज असलेल्या मध्यमवर्गीय घराला हा सौदा फायद्याचा ठरतो, यात शंका नाही.

परंतु ‘मोफत’ हा शब्द ऐकताच हिशेब विसरण्याची आपली सवय जुनी आहे. विक्रेता ज्या गोष्टी ओघात सांगत नाही, त्या कुटुंबाने आधीच विचारल्या पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे, बॅटरी नसलेला साधा संच लाइन गेली की स्वतःही थांबतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आवश्यकच आहे. म्हणजे या संचाने बिल घटेल, पण वादळाच्या रात्री घर उजळणार नाही. दुसरी गोष्ट, पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंशांपुढे दर अंशाला त्याची क्षमता थोडी थोडी उतरते, आणि वैशाखात तापलेल्या स्लॅबवर ही घट दहा टक्क्यांच्या पुढेही जाते. तिसरी गोष्ट धुळीची. पॅनेल धुवावे लागते, आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी काचेवर क्षारांचा थर सोडते. तेथे पावसाचे साठवलेले किंवा नळाचे गोडे पाणीच वापरावे लागेल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घराने ग्रिडमध्ये टाकलेले जादा युनिट पुढील महिन्यांच्या बिलात वळते होतात, पण हा हिशेब ३१ मार्चला मिटतो. उरलेल्या युनिटांचे पैसे घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. वऱ्हाडात थंडीत पंखेही बंद असतात आणि कूलर एप्रिलमध्ये उतरतात. म्हणजे हिवाळ्यात साठविलेले पुण्य ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर खर्ची पडते! म्हणून मोठा संच म्हणजे मोठा लाभ, हे समीकरण चुकीचे आहे. वर्षभराची बारा बिले समोर ठेवून, बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करून, त्या मापाचाच संच घ्यावा. अनुदान संच बसून तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते, तोवरची रक्कम कुटुंबालाच उभी करावी लागते, हेही ध्यानात असावे. तारणाशिवाय कर्ज मिळते. मात्र हप्ता आणि वाचणारे बिल यांची तुलना केल्याशिवाय सही करू नये.

एवढे केले म्हणजे एका घराचे भले होईल. गावाचे काय? ज्यांना स्वतःचे छत आहे, हाताशी भांडवल आहे आणि वापरही मोठा आहे, तेच आधी या योजनेत जातात. भाड्याच्या खोलीत राहणारा शिक्षक, सहनिवासातील सदनिकाधारक, सेवावस्तीतील टिनाच्या छपराखालचे कुटुंब मागे राहते. उद्योगांच्या आणि मोठ्या ग्राहकांच्या चढ्या दरातून लहान ग्राहकांचा दर काही अंशी सावरला जातो. मोठे ग्राहक ग्रिडकडून कमी वीज घेऊ लागले, की तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च उरलेल्यांच्या वाट्याला येण्याचा धोका आहे. सूर्य सर्वांवर सारखा तळपतो. त्याचा लाभ मात्र छताच्या मालकीवर ठरावा, ही स्थिती समाज म्हणून आपल्याला भूषणावह नाही.

यावर उपाय आहेत आणि ते योजनेतच आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापराच्या विजेसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. भांडवल नसलेल्या घराच्या छतावर दुसऱ्याने गुंतवणूक करावी आणि घराने फक्त वापरलेल्या युनिटांचे पैसे द्यावेत, अशीही सोय आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजनेद्वारे १ किलोवॅटच्या संचाला केंद्राच्या ३० हजारांवर आपली भर घातली आहे. एवढेच नव्हे, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी पुढाकार घ्यावा म्हणून त्यांनाही प्रत्येक संचामागे १ हजार रुपयांचे प्रोत्साहन ठेवले आहे. नगराला भूमिका दिलेली आहे. ती वठविणारे हवेत.

अकोला व अमरावतीच्या महानगरपालिकांनी आणि अचलपूर, अकोटसारख्या नगरपालिकांनी प्रभागनिहाय इच्छुक घरांच्या याद्या कराव्यात. नोंदणीकृत पुरवठादारांकडून एकत्रित दर मागवावेत. संचाची क्षमता, पॅनेलची बनावट, पाच वर्षांच्या देखभालीची हमी आणि तक्रार कोणी किती दिवसांत सोडवायची, याचा तक्ता जाहीरपणे लावावा. शंभर घरांचा करार झाला, तर त्यात सेवावस्तीतील वीस घरे अग्रक्रमाने असावीत, अशी अट नगर घालू शकते. नागरी सहकारी बँकांनी कर्जाचे अर्ज वस्तीत जाऊन भरून घ्यावेत. गणेशोत्सवात हजारो दिव्यांची रोषणाई करणाऱ्या मंडळांनी एक रविवार बारा बिलांचा हिशेब करून देण्यासाठी काढावा. आकडेमोड जाणणारे महाविद्यालयीन तरुण आणि निवृत्त वीज कर्मचारी प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना कोणी हाक दिलेली नाही, एवढेच.

आणि आकड्याचे काय? ज्या गल्लीत आकडा टाकून वीज घेतली जाते, त्या गल्लीतील रोहित्र मे महिन्यात जळते आणि अंधार सर्वांच्या घरात शिरतो. छतावर पॅनेल आणि खांबावर आकडा, अशी दुहेरी नीती चालणार नाही. प्रामाणिक बिल हाही स्वावलंबनाचाच भाग आहे, हे वस्तीने वस्तीला सांगितले पाहिजे. सरकारी पथकाने सांगून ते कधी पटलेले नाही.

भारनियमनाच्या काळात वऱ्हाडाच्या हाती निवड नव्हती. वेळापत्रक दुसरीकडे ठरत होते आणि येथे दिवे जात होते. आज थोडी का होईना, निवड हाती आली आहे. ती प्रत्येकाने एकेकट्याने, जाहिरातीच्या भरवशावर केली, तर काही घरांची बिले घटतील, काही फसतील आणि बाकीचे पाहत राहतील. तीच निवड गावाने एकत्र बसून, हिशेब मांडून केली, तर वऱ्हाडाला पिढ्यान् पिढ्या पोळणारे ऊन शेवटच्या घरातला पंखाही फिरवू शकेल. येत्या उन्हाळ्यापूर्वी निदान बारा बिले शोधून ठेवण्यास तरी कोणाची परवानगी लागत नाही.