शिकलेले टिकते कुठे?

विरार किंवा नालासोपारा स्टेशनबाहेर पडून रिक्षाच्या रांगेकडे निघाले की पहिल्या मजल्यावरच्या क्लासची पाटी हमखास नजरेस पडते. एके काळी तिथे टायपिंग-शॉर्टहँड असे लिहिलेले असे. मग टॅली आली. आता कोडिंग आहे. पाट्या बदलल्या, जिना चढणारी मुले मात्र फारशी बदललेली नाहीत. घरात पगार एकाचा, फी हप्त्याने भरायची, शाळा बहुधा मराठी माध्यमाची आणि डोळ्यांसमोर वातानुकूलित कचेरीतली नोकरी. ‘तीन महिन्यांत शिका’ असे पाटी सांगते. तीन महिन्यांनी त्यातले किती उरते, हे कोणतीच पाटी सांगत नाही.

हा प्रश्न आता क्लासपुरता राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख करून देण्याचे ठरवले. त्याच वर्षी, टाळेबंदीत, ऑनलाइन कोडिंग वर्गांच्या जाहिराती घरोघरी शिरल्या. चिमुरडी मुले रातोरात कोट्यधीश होणार, अशा थाटाच्या त्या जाहिरातींपैकी काहींवर जाहिरात मानक परिषदेने हरकत घेतली आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि विचारले की कोड लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात गेले. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने आपली दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. एका हाताने बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने दार लोटायचे, असा हा प्रकार. पालक गोंधळले तर नवल नाही.

माझे मत स्पष्ट आहे. मुलांनी प्रोग्रॅमिंग जरूर शिकावे. परंतु ज्या पद्धतीने ते आज विकले जाते, त्या पद्धतीने शिकलेले टिकत नाही. आणि टिकत नाही म्हणूनच मुलांचा उत्साह मावळतो. आपण हे उलटे समजतो. मुलाला चिकाटी नाही म्हणून तो विसरला, असे म्हणतो. खरे तर तो विसरतो, त्याची त्याला शरम वाटते, आणि मग चिकाटी सुटते.

पहिले पंधरा दिवस छान जातात. शिक्षक फळ्यावर लिहितात, मुलगा उतरवून घेतो, यंत्र आज्ञा पाळते. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा, लूप म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा, हे समजते. तिसऱ्या आठवड्यात घरी कोऱ्या पडद्यासमोर बसल्यावर पहिली ओळसुद्धा सुचत नाही. ‘माझे डोके या कामाचे नाही,’ हा निष्कर्ष तिथे निघतो, आणि तो साफ चुकीचा असतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ठराविक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात, हे मोजायचे. तासाभरात निम्म्याहून अधिक हातचे जाते आणि एका दिवसात जवळजवळ दोन-तृतीयांश, असे त्याला आढळले. नंतर गळतीचा वेग मंदावतो. महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक होता. विसरणे हा सर्वांच्याच मेंदूचा धर्म आहे. त्यावरचा इलाज पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी आकड्यांत मांडला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवणाऱ्यांना ५६ टक्के.

आपल्याकडे हे प्रयोगाविना ठाऊक होते. दिवेलागणीला परवचा म्हणायची घरोघर पद्धत होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, रोज, पुस्तक मिटून, मोठ्याने. अडखळले की आजी हातातले काम न सोडता पुढचा आकडा सांगे. आपण परवचा सोडली, ती घोकंपट्टी म्हणून. घोकंपट्टीचा दोष तिच्यात होताच. पण न बघता आठवण्याचा जो गुण होता, तोही आपण तिच्याबरोबर फेकून दिला. आजचा विद्यार्थी शिकवणीचे व्हिडिओ दोनदा पाहतो आणि ओळखीचे वाटले म्हणजे आले असे समजतो. ओळखीचा चेहरा आणि पाठ असलेले नाव यांत फरक असतो.

तरीही निव्वळ आठवणीने भागत नाही. याचा मोठा दाखला आपल्या बँकांनी दिला आहे. १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि हळूहळू शाखांमधून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. पुढे शाखेचे संपूर्ण संगणकीकरण झाले, मग कोअर बँकिंग आले. हजारो मध्यमवयीन कारकुनांना एका आयुष्यात तीनदा नव्याने शिकावे लागले. मी हे काउंटरच्या आतून पाहिले. प्रशिक्षण घेऊन आलेल्या ज्यांच्या शाखेत यंत्र सहा-आठ महिन्यांनी आले, त्यांच्या वह्या नीटनेटक्या होत्या आणि डोकी कोरी. ज्यांच्या टेबलावर यंत्र आधी आले, ते प्रशिक्षणाविना शिकले, कारण संध्याकाळचा ताळा जमल्याशिवाय घरी जाता येत नव्हते. पन्नाशी उलटलेले, जुने मॅट्रिक झालेले हेड कॅशियर महिन्याभरात तरबेज झालेले मी पाहिले आहेत. धास्तीचा मात्र उपयोग झाला नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. माझ्या परिचयातल्या काहींना त्या पडद्याचीच भीती होती.

मुलांच्या कोडिंगमध्ये हा ‘संध्याकाळचा ताळा’ कुठे आहे? क्लासमध्ये ते तारकांचे त्रिकोण छापतात आणि मूळ संख्या शोधतात. व्यायाम म्हणून ठीक. पण त्या त्रिकोणाची वाट कोणी पाहत नसते. आमच्या इमारतीतल्या, दोनदा क्लास सोडलेल्या एका मुलीला मी तिच्या आजीचे जुने पासबुक घेऊन बसवले. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचे व्याज दर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. अकरा तारखेला भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज नाही. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मोजले जाते. हे दोन नियम यंत्राला शिकवायचे, एवढेच काम. रोजच्या शिलकांची यादी करायची, दहा तारखेपासून पुढची सर्वांत लहान रक्कम शोधायची. इथे लूप आला आणि अट आली. दुसऱ्या नियमासाठी रोजच्या शिलकांची बेरीज करून दराने गुणायचे आणि ३६५ ने भागायचे. जुन्या नियमाने आजीचे किती व्याज बुडत होते, हे पडद्यावर उमटले तेव्हा ती मुलगी जागची उठली आणि आजीला हाक मारून आली. पासबुकाशी काही पैशांचा फरक राहत होता. तो पूर्णांक करण्याच्या रीतीमुळे आहे, हे तिने दोन दिवसांनी स्वतः शोधून काढले. त्यानंतर लूप म्हणजे काय, हे तिला कोणी सांगावे लागलेले नाही.

चूक शोधणे हाच या विद्येचा मोठा भाग आहे आणि नवशिक्या तिथेच खचतो. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी संदेश आला की तो आपल्याला रागावले असे समजतो. जुन्या हिशेबनिसाला फरक दिसला तर तो त्या फरकालाच प्रश्न विचारी. फरकाला नऊने भाग जातो का? तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली, ५४ च्या जागी ४५ पडले. फरक सम आहे? तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद उलट बाजूला गेली असेल. चूक आपल्याविषयी काही सांगत असते, ते ऐकायची सवय लावली की तिची भीती जाते. मुलांनी चुकांची एक वही ठेवावी. काय दिसले, कारण काय निघाले, उपाय काय केला, एवढेच. महिन्याने ती वही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी पडते.

आता यंत्रच कोड लिहिते, मग ही यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये पुढे आले. चॅटजीपीटीसारखे साधन हाताशी असताना मुलांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगली कामगिरी केली. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले ज्यांना साधन कधीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता केवळ खुणा सांगणारे साधन ज्यांना दिले होते, त्यांचे हे नुकसान बव्हंशी टळले. म्हणजे आपल्या आजीसारखे वागणारे यंत्र चालते. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ठरवायला माणूस लागणारच, आणि तो ठरवू शकेल ते स्वतःला येत असेल तरच.

भाषेची अडचण खरी आहे, पण आज ती पूर्वीइतकी उरलेली नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने पायथन, सी, लिनक्स अशा विषयांचे छोटे पाठ मराठीतही विनामूल्य दिले आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर आपले काम, पाहता पाहता करायचे, ही त्यांची रीत आहे. वेळेची अडचण त्याहून मोठी. विरार-चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर, आणि सकाळच्या गाडीत लॅपटॉप सोडा, वर्तमानपत्र उघडता येत नाही. पण त्याच गाडीत आपली भजनी मंडळे वर्षानुवर्षे टाळ घेऊन गातात. हाती पोथी नसते, तरी शेकडो अभंग पाठ असतात. रोज म्हणतात, न बघता म्हणतात, आणि एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याला कारण विचारतात. स्मरणाचे आणि उत्साहाचे सारे शास्त्र त्या डब्यात आहे. कोडिंग शिकणाऱ्या चार मुलांनी असे मंडळ करावे. काल लिहिलेला प्रोग्रॅम एकाने तोंडी सांगावा, दुसऱ्याने चूक काढावी. बोरिवली येईपर्यंत उजळणी होते.

आणि काम हवे असेल तर ते आपल्या दारात पडले आहे. सोसायटीची देखभाल बिले, थकबाकीवरचे व्याज, भाजी-फुलांच्या रोजच्या विक्रीचा हिशेब, अशी शंभर कामे वसई-विरारमध्ये अजून हाताने होतात. त्यांतले एक निवडावे, वेडेवाकडे का होईना पुरे करावे, आणि ज्याचे काम आहे त्याला वापरायला द्यावे. तो माणूस उद्या तक्रार घेऊन येईल. ती तक्रार हाच पुढचा धडा.

नोकरी मिळेल का, हे मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट पालकांच्या हाती आहे. फीचा पुढचा हप्ता भरण्याआधी मुलाला जवळ बसवावे आणि गेल्या महिन्यात शिकलेले एखादे काम वही न उघडता करून दाखव म्हणावे. तो अडखळेल. अडखळू द्यावे, रागावू नये. अडखळत आठवलेले पुष्कळ दिवस टिकते.