ई-२० नंतर इंधन नियंत्रकांची पळवाट : कायदा कठोर, तपासणी तोकडी

नवी दिल्ली : देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल (ई-२०) रूढ झाल्यापासून जुन्या मोटारींचे ‘ॲव्हरेज’ घटल्याची तक्रार मालक करीत आहेत. ती निराधार नाही. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यातच नमूद होते. अशा वेळी गॅरेजमध्ये बसवून मिळणारा इंधन नियंत्रक हा सोपा उपाय वाटतो. तो तसा नाही.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे तेवढ्याच हवेत ई-२० अधिक प्रमाणात सोडावे लागते. इंधन अंतःक्षेपण असलेल्या मोटारीत ही दुरुस्ती धूर-नळीतील ऑक्सिजन संवेदक आणि इंजिनाचा संगणक बऱ्याच अंशी आपणहून करतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना ती सोय नाही. पण संगणकच नसल्याने तेथे हा नियंत्रकही निरुपयोगी ठरतो. शिवाय इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. ती उणीव कोणतेही उपकरण भरून काढू शकत नाही.

नियंत्रक करतो ते एवढेच की, संवेदकाकडून येणारा संदेश मध्येच बदलून तो संगणकापुढे ठेवतो. डिझेल मोटारीत रेलमधील दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचे भासवले जाते; संगणक दाब वाढवतो आणि अधिक डिझेल आत जाते. ताकद वाढते हे खरे. पण धूर, उष्णता आणि काजळी गाळणाऱ्या फिल्टरवरील भारही वाढतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ अन्वये मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र नोंदणीपत्रात इंजिनाच्या आज्ञावलीचा उल्लेखच नसतो. परिणामी कर्कश सायलेन्सर आणि काळ्या काचा पकडल्या जातात, तर बॉनेटखालची मुठीएवढी पेटी सुटते.

पीयूसी चाचणीचाही तेथे उपयोग होत नाही. पेट्रोल मोटारीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेलमध्ये धुराची घनता मोजली जाते; तीही गाडी उभी असताना. नायट्रोजन ऑक्साइडची नोंद होत नाही. बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, उत्पादकांना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट लागू झाली. गाडी विकली गेल्यावर मात्र कसोटी जुनीच राहते.

याची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेत दिसले. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा निकामी करण्यात आली होती. त्यातून आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टन अतिरिक्त नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल, असे संस्थेने म्हटले होते.

सरसकट बंदी हा एकमेव मार्ग नव्हे. फ्रान्सने २०१७ च्या अखेरीस ई-८५ साठीच्या रूपांतर संचांना मान्यतेची चौकट दिली. संच प्रमाणित हवा, तो अधिकृत कारागिरानेच बसवावा आणि नोंदणीपत्रात बदल व्हावा. भारतातही सीएनजी संचांबाबत हीच पद्धत आहे. बीएस-६ पेट्रोल मोटारींना ते बसवण्याची मुभा ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली, आणि संचाची मान्यता तीन वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. इंधन नियंत्रकांना याच शिस्तीत आणायचे झाल्यास पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या चाचणी संस्थांकडे त्याचे तांत्रिक बळ आहे. अडचण पीयूसी केंद्रांची आहे : मोटारीच्या स्वयंनिदान यंत्रणेतील नोंदी तपासणे तेथे बंधनकारक झाल्याखेरीज मान्य संच आणि चोरून बसवलेली पेटी यांतील फरक कोणालाच कळणार नाही.