पगार थकवून मिळवलेले गुण कोणाचे?

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ
(प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : राज्य व जिल्हा संघटना, सर्व क्लबांची व्यवस्थापने)

विषय : खेळाडूंच्या वेतनाला स्पर्धेच्या नियमांत स्थान देण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्रात आणि गोव्यात मानधनावर किंवा करारावर फुटबॉल खेळणाऱ्या आजी-माजी खेळाडूंची ही संघटना. पगाराचा विषय काढला की आम्हाला दोन उत्तरे मिळतात. प्रेक्षक म्हणतात, खेळाडू पैशामागे लागलेत. क्लब म्हणतात, परवडत नाही. दोघेही पगाराला क्लबच्या घरचा मामला समजतात. आम्हाला ते मान्य नाही. पगार हा ऑफसाइडइतकाच स्पर्धेच्या नियमांचा विषय आहे. एका संघाने तो थकवला, तर गुणतक्त्यात नुकसान दुसऱ्याच संघाचे होते.

पगार आणि यश यांचा संबंध मोजून झालेला आहे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांच्या 'सॉकरनॉमिक्स' या पुस्तकात 1978 ते 1997 या काळातील 40 इंग्लिश क्लबांचा हिशेब मांडला आहे. या क्लबांच्या क्रमवारीतला सुमारे 92 टक्के फरक त्यांच्या पगारखर्चावरून सांगता येतो. खेळाडू विकत घेण्यावर उधळलेल्या रकमेवरून जेमतेम 16 टक्के. वर्तमानपत्रात मथळा होतो तो खरेदीच्या आकड्याचा. संघ वर जातो तो दर महिन्याच्या पगारावर. एखाद्या हंगामात उलटे घडते, हे आम्हीही पाहिले आहे. 2016 मध्ये लेस्टर सिटीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, आणि 2024-25 मध्ये मँचेस्टर युनायटेडसारखा गडगंज क्लब पंधराव्या क्रमांकावर राहिला. पण दहा-वीस वर्षांची सरासरी काढली की पैसा आपली जागा घेतोच.

हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. पगारच क्रमांक ठरवत असेल, तर जो क्लब देण्याची ऐपत नसताना मोठ्या पगाराचे करार करतो, तो त्या पैशांनी मिळणारे गुण आधी पदरात पाडून घेतो आणि बिल नंतर बुडवतो. त्याच हंगामात आपल्या ऐपतीत राहून वेळेवर पगार देणारा क्लब त्याच्या खाली संपतो. लीड्स युनायटेड 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होते, कर्जावर उभ्या केलेल्या संघाच्या जोरावर. 2004 मध्ये ते प्रीमियर लीगमधून खाली गेले. मधल्या काळात त्यांच्यामुळे ज्यांची जागा हुकली, त्यांची भरपाई कोणी केली नाही.

उदाहरणासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद या नव्या क्लबला मिळाली. हैदराबादने 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवले. 2023-24 च्या हंगामात याच क्लबचे पगार थकले, फिफाने नवीन नोंदणीवर बंदी घातली आणि परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले. उरलेल्या कोवळ्या पोरांनी हंगाम पूर्ण केला : 22 सामने, एक विजय, आठ गुण, शेवटचा क्रमांक. त्या पोरांना आमचा सलाम. पण तक्ता बघा. ज्या संघांची हैदराबादशी गाठ हंगामाच्या उत्तरार्धात पडली, त्यांच्यासमोर विस्कटलेला संघ होता. ज्यांची आधी पडली, त्यांच्यासमोर पुरता संघ होता. एकाच स्पर्धेत दोन वेगळे प्रतिस्पर्धी. शिवाय शेवटून पहिला येऊनही क्लब खालच्या लीगमध्ये गेला नाही, कारण तशी तरतूदच नव्हती.

जुन्या मुंबईत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, रेल्वे, बँका यांचे संघ कूपरेजवर खेळत, तेव्हा खेळाडूचे वेतन म्हणजे नोकरी. गुडघा गेला तरी महिन्याचा पगार येत असे. ती व्यवस्था आदर्श होती असे नाही. बढती साहेबाच्या मर्जीवर असायची आणि खेळ दुपारनंतरचा. पण संघ टिकत असे. गिरण्या गेल्या, खेळाडूंची नोकरभरती आटली, आणि 2010 मध्ये महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघही बंद झाला. गोव्यात 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप रास्त होता : आय-लीगमधून वर आयएसएलमध्ये जायची शिडीच नसेल, तर खेळाडूंवर खर्च कशासाठी करायचा?

आणि अगदी खाली काय चालते तेही लिहून ठेवतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे संघ भिडतात, तेव्हा गॅलरीत जागा मिळत नाही. बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू येऊ लागल्यापासून मानधनाचीही चढाओढ लागली आहे. व्यवहार मात्र तोंडी. हंगामाच्या सुरुवातीला थोडी उचल हातात, उरलेले 'स्पर्धा संपू दे, बघू'. आमच्या एका सभासदाकडे पुरावा म्हणून आहे तो वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो : त्याचे नाव, एक रक्कम, शेवटी 'बाकी'. सही नाही, तारीख नाही. संघाचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण असे पान जवळजवळ प्रत्येकाकडे निघेल.

म्हणून आमच्या मागण्या.

पहिली आणि मुख्य : नोंदणीच्या वेळी प्रत्येक क्लबने आपल्या करारांतील किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी बँक हमी महासंघाकडे ठेवावी. पगार थकला की अर्ज, सुनावणी, तारीख असल्या फेऱ्यांत न पडता त्या हमीतून तो खेळाडूच्या खात्यात जावा. हमी देता येत नसेल, तर क्लबने तेवढ्याच पगाराचा संघ उभा करावा जेवढा झेपतो.

दुसरी : पगार 60 दिवसांहून जास्त थकल्यास त्याच हंगामात गुण कापावेत. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकवला गेल्यास खेळाडू 15 दिवसांची नोटीस देऊन करार मोडू शकतो. पण हंगामाच्या मध्यावर करार मोडून त्याने जायचे कुठे? शिक्षा खेळाडूने भोगायची आणि गुण क्लबने ठेवायचे, हे आता थांबावे. स्पेनमध्ये जानेवारी 2019 मध्ये रेउस या क्लबला पगार थकवल्याबद्दल दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेतून भर हंगामात बाहेर काढले होते. आम्ही तर फक्त गुणकपात मागतो.

तिसरी : पगारखर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण ठरवावे. युएफाने संघावरील खर्चाची मर्यादा उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 70 टक्क्यांवर आणली. तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. आपल्या क्लबांचे उत्पन्नच इतके तुटपुंजे आहे की निम्मे क्लब बंद होतील. मालकाने घातलेला पैसा उत्पन्नात धरावा, मात्र तो भांडवल म्हणून, कर्ज म्हणून नाही. एका खेळाडूच्या पगारावर मर्यादा घालण्याला आमचा ठाम विरोध आहे. इंग्लंडमध्ये आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती, ती 1961 मध्ये खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर उठली. तिथे जे साठ वर्षांपूर्वी मोडीत निघाले, ते इथे नव्याने आणू नये.

चौथी : महिला खेळाडूंसाठी महासंघाने 2023 मध्ये वर्षाला 3.2 लाख रुपयांच्या किमान कराराचे पाऊल उचलले, त्याचे स्वागत. ते क्लबमागे दहा भारतीय खेळाडूंपुरते न ठेवता संपूर्ण संघाला लावावे, आणि तशीच किमान रक्कम आय-लीगच्या पुरुष खेळाडूंनाही ठरवून द्यावी.

पाचवी : जिल्हा पातळीवर एक पानी छापील करार सक्तीचा करावा, मराठीत, आणि त्याची प्रत जिल्हा संघटनेकडे राहावी. कराराविना नोंदणी नाही.

सहावी : शेवटच्या क्रमांकाच्या क्लबला खाली जावे लागेल असा नियम विनाअपवाद करावा. त्याशिवाय वरच्या मागण्यांना अर्थ नाही.

या मागण्या निकडीच्या का, तेही सांगतो. ऑगस्ट 2025 मध्ये आयएसएलचे व्यावसायिक हक्क कोणाकडे जाणार हे ठरेना, तेव्हा आयएसएलमधील काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचे जाहीर केले. करारावर सही केलेली माणसे सराव करत होती आणि स्पर्धा कधी सुरू होणार हे कोणी सांगू शकत नव्हते. त्या निर्णयप्रक्रियेत खेळाडूंना कोणी विचारले नाही.

तरी या मागण्यांवर पुढील हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे, आणि क्लबांना परवाने देणाऱ्या समितीवर खेळाडूंनी निवडलेले किमान दोन प्रतिनिधी घ्यावेत, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद