गाठ दुखत नाही, म्हणून घात होतो!

सम्राट अशोकाचे शिलालेख या देशात ज्या मोजक्या ठिकाणी सापडले, त्यात आपले नालासोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा नववा लेख सांगतो तरी काय? आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मताना, प्रवासाला निघताना माणसे नाना विधी करतात, बायका तर फारच करतात. पण त्यांचे फळ अल्प असते, खरे फळ धम्माच्या आचरणाचे असते, असे हा लेख सांगतो. याच सम्राटाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचे नमूद केले आहे. विधी नको, औषध हवे, हा विचार वसई-विरारच्या मातीत बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला!

आणि आज त्याच मातीवरच्या चाळीत, झोपडपट्टीत आपली मायबहीण छातीत गाठ लागली की काय करते? आधी लपवते. मग कोणीतरी सांगते म्हणून अंगारा लावते, लेप लावते, बाबा-भगताकडे जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे घडते, हे कडू वाटले तरी खरे आहे. शेवटी गाठ फुटून जखम वाहू लागली की दवाखाना आठवतो. तोवर आजाराने हाडापर्यंत, फुप्फुसापर्यंत मजल मारलेली असते.

स्तनाचा कर्करोग हा आता श्रीमंतांचा किंवा परदेशी बायकांचा आजार राहिलेला नाही. भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हा आजार वेळेत सापडला तर बरा होऊ शकतो. तरीही इतक्या बायका मरतात, कारण त्या उशिरा पोहोचतात. या उशिराला जबाबदार कोण?

पहिला घात खुद्द गाठच करते. ती बहुतेक वेळा दुखत नाही. आणि आपल्या कष्टकरी बाईची सवय अशी, की जे दुखत नाही ते आजारच नव्हे! दुखले तरी ती अंगावर काढते, मग न दुखणाऱ्या गाठीसाठी रोज कोण बुडवणार? म्हणून स्पष्ट सांगणे भाग आहे. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, आकारात अचानक फरक पडणे, बरी न होणारी जखम होणे, यातले एकही लक्षण दिसले तर डॉक्टर गाठलाच पाहिजे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण कोणती गाठ कसली आहे हे तपासणीच ठरवते, शेजारीण किंवा भगत नव्हे. सुई टोचून तुकडा तपासला की रोग पसरतो, ही निव्वळ थाप आहे. हा आजार शिवल्याने लागत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने तर मुळीच होत नाही. ज्या कर्मविपाकाच्या सिद्धांताने आपल्याला हजारो वर्षे अस्पृश्य ठेवले, तोच सिद्धांत आजारी बाईच्या माथी मारणे म्हणजे तिला पुन्हा बहिष्कृत करणे होय.

दुसरा घात व्यवस्था करते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती, त्यानंतर ती किती फुगली हे रोज विरार लोकलला लटकणाऱ्याला विचारा. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेला हा कष्टकरी समाज. पहाटे उठून पाणी भरायचे, डबा करायचा, लोकल पकडून बोरिवली-अंधेरीला धुणीभांडी करायला जायचे, ही आपल्या हजारो भगिनींची दिनचर्या. गंभीर आजाराचे नाव निघाले की परळच्या टाटा हॉस्पिटलचा रस्ता धरायचा. एक खेप म्हणजे एक दिवसाचा पगार बुडाला, आणि चार खाडे झाले तर कामच सुटले. हे झाले विरारचे. मोखाडा-जव्हारच्या आदिवासी भगिनीला तर विरार स्टेशनपर्यंत पोहोचणेच एक मोहीम असते.

इथे एक गोष्ट समाजाने नीट समजून घ्यावी. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा सुमारे वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. या सेविका डॉक्टर नव्हत्या आणि महागडे यंत्रही नव्हते. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी न झालेल्या गटात १०० पैकी ४७ रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडत होत्या, तपासणी झालेल्या गटात ते प्रमाण ३७ वर आले. सर्व वयोगट एकत्र धरले तर मृत्यूंतली घट शास्त्राच्या काट्यावर पक्की ठरली नाही, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत ती दिसलीही नाही. मात्र पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. जगाला हे ज्ञान कोणी दिले? झोपडपट्टीतल्या बायकांनी दिले! त्यांनी आपली शरीरे आणि आपला वेळ शास्त्राच्या स्वाधीन केला, म्हणून साध्या हाताच्या तपासणीचे मोल जगाला कळले.

मग त्या ज्ञानाचा लाभ झोपडपट्टीला मिळाला का? तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची ठरावीक काळाने तपासणी व्हावी, असा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१६ पासून कागदावर आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनाची अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १०० त एकही भरल्या नाहीत, ०.९ टक्के भरल्या! जिथून पुरावा आला तिथेच तपासणी पोहोचत नाही, याला काय म्हणावे?

स्त्रीचे आरोग्य हा चार भिंतींतला खाजगी मामला नाही, हे बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडले होते. कामकरी बाईच्या विश्रांतीचा भार राज्याने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. त्याच भूमिकेतून महानगरपालिकेकडे आमची मागणी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी, कामावरून परतणाऱ्या बाईला जमेल अशा संध्याकाळच्या वेळी, स्त्री कर्मचाऱ्यांकडून स्तनतपासणी सुरू करा. किती जणी तपासल्या, किती पुढे पाठवल्या, त्यातल्या किती खरोखर पोहोचल्या, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी जाहीर करा. नुसती शिबिरे आणि फलक आम्हाला नकोत.

पण मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. हक्क कागदावर असतात, ते मिळवून देणारा माणूस सोबत नसतो, हे आपले खरे दुखणे आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. २०२३ साली तिची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवून सर्व रेशनकार्डधारकांना ती खुली करण्याचा निर्णय झाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायचे असते. लोकलच्या अपंगांच्या डब्यातून कर्करुग्णाला प्रवासाची मुभा आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, त्यांचीच ही परंपरा. हे किती घरांना ठाऊक आहे?

म्हणून प्रत्येक बुद्धविहाराने पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. विहारातल्या दोन-तीन शिकलेल्या भगिनींनी माहिती पक्की करून घ्यावी, आशा सेविकेला बोलवावे, योजनेच्या कागदपत्रांची यादी भिंतीवर लावावी. जिला गाठ निघाली तिच्यासोबत पहिल्या खेपेला कोणीतरी जावे. तिच्या रजेच्या दिवशी तिचे घरकाम दुसरीने सांभाळावे आणि उपचार संपेपर्यंत तिची फाईल आणि तिची हिंमत दोन्ही सावरावीत. जयंतीच्या डीजेच्या भिंतीवर जो पैसा एका रात्रीत उडतो, त्याच्या अर्ध्यात एका वस्तीचा वर्षभराचा प्रवासखर्च निघेल.

आणि पुरुष बांधवांनो, हा बायकांचा विषय म्हणून बाजूला बसू नका. हा आजार क्वचित पुरुषालाही होतो. शस्त्रक्रियेत स्तन गेला म्हणून बायकोला माहेरी धाडणारा, दुसरे लग्न करणारा नवरा आपल्या वस्तीत असेल तर त्याला जाब विचारा. त्याच्या गळ्यातला निळा रुमाल त्याला शोभत नाही. स्त्रीच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत.

तथागतांनी मळात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि संघाला बजावले, की माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. सावित्रीमाईंनी १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच प्राण ठेवला. त्यांच्या प्रतिमांना हार घालणारे हात आता आपल्या आया-बहिणींना दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी पुढे आले पाहिजेत. गाठ लपवू नका, लपवू देऊ नका. जयभीम!