लाल रेषेच्या आंत

नदीकांठचें घर कोणास आवडत नाहीं? परंतु तें घेण्यापूर्वीं शहराच्या नकाशावरील निळी रेषा व लाल रेषा आमचे किती वाचक पाहतात, याविषयीं आम्हांस शंका आहे. २५ वर्षांतून सरासरीनें एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथवर पोंचतें ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल.

या 'एकदां' शब्दानें मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. एक महापूर पाहिला म्हणजे आतां १०० वर्षें निर्धास्त, अशी पुष्कळांची समजूत असते. खरा अर्थ एवढाच कीं, तो पूर येण्याचा संभव दरवर्षीं शंभरांत एक असतो. नदी मागचा हिशेब लक्षांत ठेवीत नाहीं. घराचें कर्ज ३० वर्षें फेडावयाचें असेल, तर तेवढ्या अवधींत लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदां येण्याचा संभव शंभरांत २६ होतो, आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याचा सुमारें ७०! सांगलीकरांनीं तर २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले.

या रेषा काढतात कशा? नदीच्या दरवर्षींच्या सर्वांत मोठ्या प्रवाहाच्या जुन्या नोंदींवरून पुराचें मान ठरवावयाचें, आणि पात्राची रुंदी, खोली, उतार, पुलांच्या कमानी हें सारें संगणकास देऊन पाणी कोठवर चढेल तें काढावयाचें. गणित शास्त्रशुद्ध खरें, पण तें ज्या दिवशीं पात्र मोजलें त्या दिवसाचें. पुढें कोणी कांठावर भराव टाकला, तर तेंच पाणी अधिक उंच चढतें. कागदावरची रेषा मात्र जागची हलत नाहीं. (भराव टाकणारे गृहस्थ बहुधा स्वतः टेकडीवर राहतात, हें जातां जातां नमूद करतों.)

म्हणून रेषेइतकाच पुलावरील फुटांचा आंकडा घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा. सांगलीस आयर्विन पुलापाशीं इशारा ४० फुटांवर व धोका ४५ फुटांवर. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांवर गेलें. निघावयाचें तें रस्ते कोरडे असतांनाच. ता. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं ब्रह्मनाळ येथें पुरांत अडकलेल्या लोकांस बाहेर नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. आपल्या दारीं पाणी किती फुटांस लागतें, तें मागच्या पुराच्या खुणांवरून व जुन्या शेजाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. घरांत वृद्ध किंवा आजारी माणूस असल्यास त्याहून कांहीं फूट अलीकडचा आंकडा निघण्याचा समजावा, आणि त्यांस कोणाकडे न्यावयाचें तें जून महिन्यांतच बोलून ठेवावें.