तांब्याचं मूळगाव

नवं कुणी भेटलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मूळचे कुठले?" लालबर्रा इथे दोन-तीन पिढ्या काढलेल्या घरांनाही तो चुकत नाही. या वेळी तोच प्रश्न मी तांब्याला विचारणार आहे. मलाजखंडच्या खाणीमुळे तांबं तर आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या घरचंच!

तांबं म्हणजे तांबं, त्यात वेगळं काय, असं आपल्याला वाटतं. पण त्याचे अणू दोन वजनांचे असतात. शंभरातले सुमारे ६९ हलके, वजन ६३ आणि उरलेले ३१ जड, वजन ६५. यांना समस्थानिकं म्हणतात. हे प्रमाण सगळीकडे अगदी सारखं नसतं. पावसापाण्याने खडक झिजतो तेव्हा पाण्यात उतरणाऱ्या तांब्यात जड अणू किंचित जास्त जातात. म्हणून जमिनीलगतच्या खनिजात आणि खोलातल्या पिवळ्या खनिजात फरक पडतो. फरक केवढा? हजारात एक-दोनाचा.

एवढा बारीक फरक मोजायचा कसा? कणभर तांबं आम्लात विरघळवतात, बाकीचे धातू वेगळे काढतात आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरच्या तापलेल्या प्लाझ्मात सोडतात. पुढे चुंबक असतो. त्याच्यामुळे हलके अणू जास्त वळतात, जड कमी. दोन्ही वेगळ्या जागी पडतात आणि तिथे त्यांची मोजणी होते. मधूनमधून ठरलेल्या नमुन्याचं तांबं लावून यंत्र तपासतात, दुकानदाराचा काटा प्रमाणित वजन ठेवून तपासावा तसं.

भट्टीत वितळवल्यावरही हे प्रमाण फारसं बदलत नाही. जुन्या तांब्यात थोडं शिसंही राहिलेलं असतं. त्याची चार समस्थानिकं जोडीला मोजली की वस्तू कुठल्या खाणीची असू शकते आणि कुठली नक्कीच नाही, ते कळतं.

आपल्या जिल्ह्यात हे महत्त्वाचं का? १८७० साली इथल्याच गुंगेरिया गावी जमिनीत तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे सापडले. काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, काही नागपूरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात. वस्तू जपल्या गेल्या, म्हणून "मूळचे कुठले" हे त्यांना विचारता तरी येतं.

भंगारात गेलेल्या तांब्याला ते विचारता येत नाही. चार खाणींचं तांबं एका भट्टीत आटलं की सगळं मिसळतं आणि कुठलंही यंत्र ते परत वेगळं करू शकत नाही. म्हणून मुलांनो, शेतात नांगराला जुनं तांबं लागलं तर घासू नका, विकू नका. जागा लक्षात ठेवा आणि कलेक्टर कचेरीत कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ चा कायदाही तेच सांगतो.